मंडळाच्या कपाटातल्या १४० स्पूल: अजून किती वर्षं तग धरतील?

पाटावरवंटा
नमस्कार मंडळी. आमच्या गावातल्या (सांगली जिल्हा) संगीत मंडळाची खोली यंदा रंगवायला काढली, तेव्हा माळ्यावरचं लोखंडी कपाट कितीतरी वर्षांनी उघडलं. आत निघालं ते असं: १४० च्या आसपास स्पूल (ध्वनिमुद्रणाच्या टेपची सुटी रिळं), बहुतेक सात इंची, १९७१ ते १९८४ मधल्या. तीनेकशे कॅसेट. पेढ्यांच्या डब्यात ११ फ्लॉप्या. आणि एक वही. वहीतल्या नोंदीचा नमुना: "स्पूल ३७. कोजागिरी. बुवा. बागेश्री, नंतर ठुमरी. पावणेचार." कुठले बुवा, देव जाणे. लिहिणाऱ्याला वाटलं असणार, बुवा म्हटलं की कळतंच.

कार्यकारिणीत दोन तट पडलेत. अध्यक्षांचं म्हणणं, "पन्नास वर्षं राहिल्यात, अजून पाच राहतील. आधी पत्रे बदलू." माझं म्हणणं, आत्ताच संगणकावर घ्यायला हवं. तर प्रश्न असा की चुंबकीय टेप नेमकी टिकते किती? कुणी दहा वर्षं सांगतं, कुणी तीस, कुणी शंभर. मंडळाच्या खात्यात ४१,००० रुपये आहेत आणि पत्र्यांचं कोटेशन ३८,००० चं आलंय. तेव्हा उत्तर जरा जपून द्या.

खोबरेल
आमच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट २६ वर्षांची झाली. कॅसेट ठणठणीत दिसते, लग्नही. व्हीसीआर भंगारात गेल्यामुळे दोन्ही चालवून बघायची सोय नाही.

बॅकअपवाला
मी बँकांचे बॅकअप सांभाळतो, म्हणजे टेपवरच जगतो. लोकांना वाटतं टेप गेली. गेलेली नाही. २०११ साली जीमेलच्या काही खात्यांमधली पत्रं गायब झाली होती, ती गूगलने टेपवरूनच परत आणली. आमच्या एलटीओ टेपच्या (संगणकाचा बॅकअप घ्यायची टेप) खोक्यावर 'तीस वर्षं' छापलेलं असतं.

पण ते आकडे वाचायचे कसे ते सांगतो. एलटीओ पहिल्यांदा आली २००० साली. नियम असा होता की ड्राइव्ह आपल्या मागच्या दोन पिढ्या वाचेल. आठव्या आणि नवव्या पिढीत तेही आखडलं, एकच पिढी मागे. आमच्याकडे एका गिऱ्हाइकाच्या तिसऱ्या पिढीच्या टेप आल्या. टेप अगदी कोऱ्यासारख्या. पण त्या वाचायला पाचव्या पिढीच्या पुढचा ड्राइव्ह चालत नाही. तो सेकंडहँड मिळवण्यात दीड महिना गेला, मग त्याला लागणारं कार्ड, मग त्या कार्डाला चालणारा जुना संगणक. टेप वाचायला लागला एक दिवस. म्हणून ताई, "टेप किती टिकते" याच्या आधी "मशीन कुठे आहे" हे विचारा.

साडेसात_इंच
मी रेडिओच्या नोकरीत तीस वर्षं टेप कापल्या आणि जोडल्या. सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

सगळ्यात आधी: पाटावरवंटा ताई, एकही स्पूल अजून मशीनवर चढवू नका. "लागते का बघू" म्हणून लावलेली पहिली टेपच लोक बरबाद करतात.

आता टिकण्याबद्दल. चुंबकत्व असं आपोआप उडून जात नाही. पॅरिसच्या १९०० च्या प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ डेन्मार्कच्या पाउल्सनच्या यंत्रात चार शब्द बोलला. ते पोलादी तारेवरचं ध्वनिमुद्रण आजही ऐकू येतं. सव्वाशे वर्षं! कारण ती नुसती तार आहे. तिच्यावर काही चिकटवलेलं नाही.

आपली टेप म्हणजे प्लास्टिकची पट्टी आणि तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडची भुकटी. ही भुकटी पट्टीला धरून ठेवतो तो बाइंडर, म्हणजे एक प्रकारचा डिंकच म्हणा. मरतो तो डिंक. सत्तरीच्या मध्यापासून काही नामांकित कंपन्यांनी जो पॉलियुरेथेनचा बाइंडर वापरला, तो हवेतलं पाणी ओढतो आणि तुटत जातो. मग टेप चिकट होते, वाजताना किंचाळते, हेडवर तपकिरी चिखल बसतो. तो चिखल म्हणजे तुमचं गाणं. गंमत अशी की त्या काळातल्या महागड्या, पाठीला काळा लेप असलेल्या टेपना हा रोग जास्त. साठीतल्या साध्या, स्वस्त टेप पुष्कळदा जशाच्या तशा वाजतात.

म्हणून वर्षांचा एक आकडा मिळणार नाही. कुठली टेप आणि कुठल्या हवेत, एवढंच विचारता येतं. दोन चाचण्या घरच्या घरी करा. एक, स्पूल उजेडासमोर आडवी धरून बघा. गुंडाळीतून उजेड पाझरला तर ॲसिटेट, मिट्ट दिसली तर पॉलिएस्टर. दोन, वास घ्या. व्हिनेगरचा आंबूस वास आला तर ॲसिटेट कुजायला लागलंय. ती खोकी लगेच वेगळी काढा, ती वाफ शेजारच्यांनाही बाधते.

दीडशहाणा_मिरजेचा
काका, प्रतिसाद एक नंबर. वाखु (वाचनखूण) साठवली.
(आमच्या आजोबांच्या कपाटालापण आंबूस वास येतो, पण तो वेगळ्या बाटलीचा.)

चिमटा
एक कडवट प्रश्न. १४० स्पूल म्हणजे तासांत किती? आणि ऐकणार कोण? ज्यांनी या बैठकी ऐकल्या ते बहुतेक गेले. ज्यांना बागेश्री ऐकायचाय त्यांना हवी ती ध्वनिमुद्रिका फोनवर मिळते. पत्रा गळतोय हे खरं दुखणं आहे. मंडळात आज शिकणारी पोरं त्या पत्र्याखाली बसतात. आधी पत्रा.

साडेसात_इंच
हिशोब सोपा आहे. सात इंची स्पूल १२०० फुटांची, सेकंदाला पावणेचार इंचांच्या वेगाने (वहीतलं 'पावणेचार' ते हेच) एका बाजूला ६४ मिनिटं. दोन्ही बाजू धरून दोन तासांच्या वर थोडं. १४० स्पूल म्हणजे ३०० तास. आणि हे काम पळवता येत नाही, ३०० तास वाजवायला ३०० तासच लागतात. रोज चार तास बसलात तर अडीच महिने. चांगल्या दर्जात, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर घेतलंत तर तासाला दोन जीबी, म्हणजे सगळं मिळून सहाशे जीबी. एका डिस्कवर मावतं. दोन डिस्क घ्या, एक गावाबाहेर ठेवा. तुमच्याकडे पूर येतो हे मी सांगायला नको.

चिमटा, पत्र्याबद्दल बरोबर बोललात. पण छापील ध्वनिमुद्रिकेतलं आणि बैठकीतलं गाणं एकच असतं असं तुम्ही म्हणत असाल, तर तुम्ही बैठकीला फक्त दूध प्यायला जात असणार.

चिमटा
मसाला दूध. आणि हो.

मावळतीकर
अमेरिकेतल्या बे एरियातून. 'ऐकणार कोण' वर एक गोष्ट. १९६६-६७ मध्ये नासाने चंद्राभोवती पाच ल्यूनर ऑर्बिटर पाठवले. त्यांनी टिपलेली चित्रं दोन इंची टेपवर उतरवून घेतली होती, सुमारे दीड हजार टेप. पुढे त्या कुणालाच नको होत्या. नॅन्सी इव्हान्स नावाच्या बाईंनी त्या फेकू दिल्या नाहीत. त्या वाजवणारी अँपेक्स एफआर-९०० मशीन सरकारी भंगारातून मिळवली आणि स्वतःच्या घरी गॅरेजमध्ये कितीतरी वर्षं ठेवली. २००८ साली ते सगळं नासाच्या एम्स केंद्रातल्या एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्ड्सच्या दुकानात आणून लावलं. ते दुकान माझ्या घरापासून लांब नाही, आम्ही मुलांना बाहेरून दाखवून आणलं होतं. खिडकीत चाच्यांचा झेंडा लावलेला! २३ ऑगस्ट १९६६ चं, चंद्राच्या कडेवरून दिसणाऱ्या पृथ्वीचं चित्र त्यांनी त्या टेपमधून परत काढलं. १९६६ साली जगाने पाहिलं होतं त्यापेक्षा कितीतरी स्पष्ट. म्हणजे ते टेपवर पहिल्यापासून होतं, तेव्हा ते सगळं काढता येत नव्हतं.

उलट बाजूही त्याच नासाची. अपोलो ११ चे थेट चंद्रावरून आलेल्या संकेतांचे मूळ टेप शोधायला गेले, तर २००९ साली निष्कर्ष निघाला की ते बहुधा पुसून दुसऱ्या कामाला वापरले गेले. टीव्हीवर दाखवलेली प्रत आहे, मूळ नाही.

बॅकअपवाला
+१. आमच्या धंद्यात टेप खराब होऊन माहिती जाते त्याच्या कितीतरी पट, कुणीतरी वरून लिहिलं म्हणून जाते. बीबीसीने 'डॉक्टर हू'चे भाग असेच पुसले, नव्वदाहून जास्त भाग आजही मिळत नाहीत. टेप महाग होती, कार्यक्रम स्वस्त होता.

खोबरेल
आमच्या वडिलांनी माझ्या मुंजीच्या कॅसेटवर विविध भारती भरलं होतं. कॅसेटचं ते छोटं प्लास्टिक मोडलं की पुसली जात नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि मोडलेल्या जागी कागदाचा बोळा कोंबला की पुन्हा भरता येते, हेही.

सर्दऋतू
कोकणातून. आमच्याकडचा मुख्य रोग बुरशी. वडिलांच्या कीर्तनाच्या कॅसेट होत्या, साठेक. पावसाळ्यात हवा ओली, कपाट भिंतीला टेकलेलं. खिडकीतून पाहिलं तर गुंडाळीच्या कडेवर पांढरी तांदळाची पिठी पसरल्यासारखी. मी शहाणपणा करून एक वाजवली. हेडवर पिठी, पॅडवर पिठी, आणि त्यानंतर त्याच डेकवर लावलेल्या चांगल्या कॅसेटलाही तीच लागण. शिवाय आठवडाभर मला खोकला. तेव्हा मास्क लावा, बुरशीवाल्या वेगळ्या पिशवीत, आणि त्या शेवटी, वेगळ्या मशीनवर.

डांबराच्या गोळ्या ठेवू नका. वडिलांनी ठेवल्या होत्या. कॅसेटच्या पारदर्शक डब्या गोळी जिथे टेकली तिथे मऊ पडून खड्डे झाले.

पाटावरवंटा
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री मी आणि भाचा बसलो उजेडासमोर. १४३ निघाल्या मोजून. ३१ मधून उजेड दिसतो, म्हणजे ॲसिटेट. त्यातल्या चारांना वास आहे, त्या वेगळ्या काढल्या. ३८ च्या पाठीला काळा लेप आहे. बाकीच्या तपकिरी, मिट्ट.

दोन शंका. (१) काळ्या लेपाच्या भाजायच्या असतात असं भाच्याने शोधलंय. खरं का? आमच्याकडे केकचा ओव्हन आहे. (२) फ्लॉप्यांचं काय? वरती 'सूची' लिहिलंय. ती मिळाली तर बुवा कोण ते तरी कळेल.

खोबरेल
१८० वर वीस मिनिटं, वरून कोथिंबीर.

साडेसात_इंच
खोबरेल, कृपा करा, कुणीतरी खरंच करेल.
भाजणं खरं आहे. मंद आचेवर, साधारण ५० ते ५४ अंशांवर आठ तास किंवा जास्त ठेवलं की बाइंडरमधलं पाणी निघतं आणि काही आठवडे टेप वाजते. तेवढ्या वेळात उतरवून घ्यायची. पण घरचा ओव्हन नको, त्याचा काटा साठ म्हणतो तेव्हा आत ऐंशी असतात. आणि ॲसिटेट कधीही भाजायची नाही, ती आक्रसून कायमची जाते. चिकट नसेल ती तर मुळीच भाजू नका.

दीडशहाणा_मिरजेचा
काका, मी फळं वाळवायच्या यंत्रात कॅसेटच्या तीन टेप वाळवल्या होत्या, तापमापक आत ठेवून. तिन्ही वाजल्या.

साडेसात_इंच
तापमापक ठेवलात हे महत्त्वाचं. तरी माझं मत, पहिली स्पूल कुणा जाणकाराकडून करून घ्या.

तिरपी_वेलांटी
फ्लॉपीवर मी बोलते, छापखान्यात अक्षरजुळणी केली आहे. फ्लॉपी साडेतीन इंची असेल तर धातूचं झाकण सरकवून चकती बघा, बुरशी नसेल तर यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह घ्या. पहिल्याच वाचनात सगळी नक्कल करा, परत परत वाचायला लावू नका. नव्वदच्या दशकाच्या शेवटीच्या स्वस्त फ्लॉप्या जास्त दगा देतात, ऐंशीतल्या जुन्या बऱ्या. सवापाच इंची असेल तर काम वेगळं. चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपणारी ग्रीसवीझलसारखी छोटी यंत्रं मिळतात, पण ड्राइव्ह जुनाच लागतो.

आणि खरी मजा पुढे आहे. फ्लॉपी वाचली गेली आणि फाइल उघडली तर "eÉÉ" छापाची गिचमिड दिसेल असं समजा. तेव्हा मराठी युनिकोडमध्ये लिहीत नसत. सीडॅकचं लीप, श्रीलिपी, शिवाजी, प्रत्येकाची अक्षरांची मांडणी निराळी. एकात 'क' असतो तिथे दुसऱ्यात अर्धा 'ष'. म्हणजे फ्लॉपी शाबूत, ड्राइव्ह शाबूत, फाइल शाबूत, आणि वाचता येत नाही. फॉन्टचं नाव कळलं तर रूपांतर करणाऱ्या प्रणाली आहेत. रफार आणि पहिली वेलांटी तेवढी हाताने तपासा, ती हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते.

चिमटा
म्हणजे सगळ्यात टिकाऊ निघाली ती वही.

तिरपी_वेलांटी
वहीत 'बुवा' एवढंच आहे हो.

बॅकअपवाला
मूळ प्रश्नावर परत. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल फिल्म अँड साउंड अर्काइव्हने २०१५ साली जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत जे टेपवरून उतरवलं नाही ते बहुतेक गेलं समजा. २०१९ ला युनेस्कोनेही तसाच इशारा दिला. कारण तेच, टेपच्या आधी मशीन, सुटे भाग आणि दुरुस्त करणारी माणसं संपतात. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई, तिने २०१६ ला थांबवलं. तुमच्या अध्यक्षांना सांगा, टेप अजून पाच वर्षं राहतील कदाचित, काका राहतील का?

साडेसात_इंच
बॅकअपवाला, मी हे वाचतोय बरं का.

पाटावरवंटा
(तीन आठवड्यांनी.) उशिराबद्दल माफी. कोल्हापूरच्या एका जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे चालू मशीन निघालं. म्हणजे 'चालू' होतं असं ते म्हणाले. आतल्या रबरी पट्ट्याचं अक्षरशः डांबर झालं होतं, बोटाला लागलं ते दोन दिवस निघालं नाही. पट्टा आणि पिंच रोलर बदलला, हेड स्पिरिटने पुसलं. फ्लॉप्या ११ पैकी ७ वाचल्या. गिचमिड आली, तिरपी_वेलांटी यांच्याकडे पाठवली आहे.

पहिली स्पूल म्हणून ३७ लावली. तपकिरी, मिट्ट, वास नाही, चिकट नाही. काका, तुमचं खरं, काही झालेलं नाही तिला. तानपुरे, कुणाचा तरी खोकला, मग बागेश्री. आवाज इतका जवळचा की मशीनवाले काका हातातला पाना खाली ठेवायला विसरले. बावीस मिनिटं विलंबित. आणि ऐन आलापात खट्ट.

पुढे मंडळाची वार्षिक सभा. कुणीतरी त्याच टेपवर भरलीय. पंचवीस मिनिटं जमाखर्च. मला रडावं की काय करावं कळेना. अध्यक्ष शेजारी बसले होते, ते म्हणाले, "हा आप्पांचा आवाज." त्यांचे वडील, तेव्हाचे खजिनदार. आप्पा वाचतायत: कोजागिरीची बैठक, बुवांना बिदागी १५१, आणि इथे त्यांनी बुवांचं पूर्ण नाव घेतलंय, गावासकट. तबलजी ५१, पेटी ३१, दूध साठ लिटर १६८ रुपये. दुधावर एक सभासद आक्षेप घेतात, त्यावर दहा मिनिटं वाद. मग सभा संपते, परत खट्ट, आणि बुवा थेट द्रुतात. शेवटची सतरा मिनिटं.

नाव इथे लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना शोधून आधी विचारते.

पत्र्याचं असं ठरलं की यंदा अर्धेच बदलायचे, कपाट आहे त्या बाजूचे. उरलेल्या पैशात मशीन भाड्याने.

खोबरेल
थांबा. बुवांना १५१ आणि दुधाला १६८?

चिमटा
मी वर काय म्हणालो होतो.

मावळतीकर
ताई, अंगावर काटा आला. सभा पुसू नका हं.

साडेसात_इंच
ताई, वहीत 'बागेश्री, नंतर ठुमरी' लिहिलंय ना? बावीस, पंचवीस आणि सतरा, चौसष्ट झाली. ही एकच बाजू झाली. स्पूल उलटी लावून पाहिलीत का?

पाटावरवंटा
नाही!! मशीन अजून मंडळातच आहे. किल्ली घेऊन निघालेय.